मुडदा सरकतो तेव्हा

दादांनी नवा कोट शिवायला टाकला आणि धाकटे धास्तावले.

कोटाला भिण्यासारखं काही नसतं, हे धाकट्यांनाही कळत होतं. पण दादांनी आयुष्यात कोट शिवला होता तो एकदाच, स्वतःच्या सिनेमाच्या पहिल्या खेळाला घालायला. सिनेमा चार दिवसांत उतरला, कोट मात्र पुष्कळ वर्षं टिकला. आता पुन्हा कोट, म्हणजे पुन्हा सिनेमा. आणि सिनेमा तोच.

दादा म्हणजे धाकट्यांचे थोरले भाऊ. लग्न केलं नाही, फोटोचा स्टुडिओ काढला. गिऱ्हाईक स्टुलावर बसलं की हनुवटी दोन बोटांनी किंचित वर करायची, मागे जायचं आणि म्हणायचं, "हलू नका." अर्ध्या गावाला ते त्या दोन शब्दांनीच माहीत होते. ऐन उमेदीत त्यांनी साठवलेलं सगळं घालून एक भयपट काढला होता, 'तिसऱ्या खोलीतला श्वास'. तो लोकांनी पाहिलाच नाही. लोक घाबरायला अजून तयार नव्हते, असं दादांचं त्यावर मत होतं, आणि घरात कुणी ते खोडून काढत नसे.

धाकटे साठीला टेकले होते, तरी त्यांना सगळे धाकटेच म्हणत. ते विमा कंपनीत नुकसानीचे दावे तपासत. या नोकरीनं माणसाचं काय होतं, ते बाहेरच्याला कळायचं नाही. तुम्हाआम्हाला जिना दिसतो, धाकट्यांना जिन्याच्या तळाशी पडलेला माणूस दिसे. उकळता चहा पुढे आला की आधी भाजलेली मांडी दिसे. अशा माणसाला थोरल्या भावाच्या छातीचं ऑपरेशन झाल्यावर डॉक्टरांनी बाजूला घेऊन सांगितलं होतं, "यांना मनाचा धक्का बसता कामा नये." तेव्हापासून धाकट्यांचा जीव टांगणीला होता. दाराची घंटासुद्धा त्यांनी बदलून मंजुळ आवाजाची आणली होती.

आणि अशात तो फोन आला. दादांच्या सिनेमाचं म्हणे एक चाहते मंडळ होतं. दर महिन्याला एका जुन्या थिएटरात जमून ते तोच सिनेमा पुन्हा पुन्हा पाहत. आता त्यांना दादाच प्रमुख पाहुणे म्हणून हवे होते.

"बघ धाकट्या," दादा म्हणाले, "लोक तयार झाले शेवटी." त्यांचे डोळे भरून आले होते. मग ते शिंप्याकडे गेले आणि आतला खिसा चांगला मोठा ठेवायला सांगून आले.

दाव्याची जागा स्वतः पाहिल्याशिवाय मत द्यायचं नाही, हा धाकट्यांचा नियम. दादांना काही न सांगता ते त्या महिन्याच्या खेळाला जाऊन बसले. नाकातोंडावर रुमाल धरला होता, कारण सिनेमात ते स्वतः होते. मुडदा म्हणून.

हे जरा सांगायला हवं. सिनेमात घराचा मालक मरतो, त्याला तिसऱ्या खोलीत अरुंद खाटेवर ठेवतात आणि शेवटी तो उठतो, अशी गोष्ट. मुडदा व्हायचा नट ऐन वेळी आजारी पडला. "नुसतं पडायचं तर आहे," म्हणून दादांनी धाकट्यांना झोपवलं, हनुवटी दोन बोटांनी वर केली, आणि म्हणाले, "हलू नकोस." मध्यंतरानंतर लगेच मृताची बायको धावत येते आणि खाटेच्या कडेवर बसून हंबरडा फोडते. बायको झालेली बाई खऱ्या आयुष्यात कुठल्याशा कचेरीत टायपिस्ट होती, चांगली सोज्वळ. ती आली, पण खाटेवर बसायला जागा नव्हती. आईनं धाकट्यांना लहानपणापासून एकच वळण लावलं होतं, बाईमाणूस आलं की सरकून जागा द्यायची. मुडदा सरकला. डोळे मिटलेलेच होते, पण नीट वीतभर सरकला आणि तिच्या पदराखाली आलेली आपली चादरही अदबीनं ओढून घेतली.

आता थिएटरात जे दिसलं त्याची नोंद त्याआधी कुठल्याच दाव्यात झाली नव्हती, एवढं धाकटे खात्रीनं सांगू शकत. मुळात सगळे चाहते पांढऱ्या चादरी गुंडाळून आले होते. बाई धावत येऊ लागली तसं थिएटर चिडीचूप झालं. आणि मुडदा हलला त्या क्षणी सगळं थिएटर एका सुरात ओरडलं, "सरका!" आणि अख्खी रांगच्या रांग एका अंगाला सरकली. सरकायला जागा नव्हती, त्यामुळे जो तो शेजाऱ्याच्या मांडीवर गेला आणि प्रत्येक रांगेच्या टोकाचा माणूस धाडकन खाली पडला. पडलेले खालून हसत होते, बसलेले वरून. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत, पुढच्या खुर्च्या बडवत, गुदमरून हसत होते.

 धाकटे पडलेल्या माणसांना पाहत नव्हते. त्यांना पहिल्या रांगेत नवा कोट घालून बसलेले दादा दिसत होते. ते वळून मागे बघतायत, हे सगळे का हसतायत म्हणून. मग त्यांना कळतं. मग त्यांचा हात छातीकडे जातो.

खेळ संपल्यावर मंडळाच्या अध्यक्षांनी त्यांना दारातच गाठलं. अध्यक्ष दातांचा डॉक्टर होता, गोल चेहऱ्याचा, उत्साही. तो धाकट्यांकडे बघत होता, म्हणजे त्यांच्या तोंडाकडे. धक्काबुक्कीत धाकट्यांचा रुमाल पडला होता आणि दम लागून त्यांनी तोंड उघडं टाकलं होतं.

"खालचा पुढचा दात," डॉक्टर कापऱ्या आवाजात म्हणाला. "वाकडा. डावीकडे झुकलेला. तुम्ही... तुम्ही मुडदा!"

"हळू बोला हो," धाकटे म्हणाले. चारचौघांत कुणी मुडदा म्हणून हाक मारावी, असं त्यांच्या घराण्यात घडलं नव्हतं.

डॉक्टरनं त्यांना कोपऱ्यात नेऊन चहा पाजला. धाकट्यांनी फुंकर घालता घालता विचारलं, "जगात इतके चांगले सिनेमे असताना हाच का?"

"चांगला सिनेमा माणूस बघतो, वा म्हणतो आणि घरी जातो," डॉक्टर म्हणाला. "वाईट बघतो आणि शिव्या देत घरी जातो. पण एखादा सिनेमा कुणीतरी जीव ओतून, अगदी दातओठ खाऊन गंभीरपणे केलेला असतो, आणि तरी तो बिघडतो. तो आपल्याला घरी जाऊ देत नाही. मुद्दाम बिघडवलेला आम्ही पाच मिनिटांत ओळखतो, उठून जातो. तुमच्या भावांनी एकही चौकट हलगर्जीपणानं घेतलेली नाही. म्हणून तर."

"म्हणून तर हसता?"

"आमचा जीव आहे हो त्यांच्यावर."

"पण हसून?"

"मग कसा लावतात जीव?" डॉक्टरनं प्रामाणिकपणे विचारलं.  दादांना बोलावू नका म्हणून धाकट्यांनी अक्षरशः हात जोडले. डॉक्टरला वाटलं, हा विनय. त्यानं धाकट्यांकडूनही यायचं वचन घेतलं आणि दात सरळ करायचा विचार मनातही आणू नका, अशी विनवणी केली.

घरी बायकोनं सगळं ऐकून घेतलं. "अहो, तुम्ही भाऊजींना घाबरताय की भाऊजींसाठी घाबरताय?"

"दोन्ही," धाकटे म्हणाले. ते खरंच होतं.

"मग सरळ सांगून टाका त्यांना."

"सरळ सांगायचं? त्यांना? धक्का बसायला नको म्हणून धक्का द्यायचा?"

सरळ मार्ग बंद झाल्यावर माणूस शेजाऱ्यांकडे जातो. समोरच्या घरातले गृहस्थ शिक्षण खात्यातून निवृत्त झाले होते आणि तेव्हापासून सल्ला द्यायला मोकळे होते. त्यांनी आधी दादांचा चष्मा लपवा म्हणून सांगितलं. चष्मा लपवून ऐकू येणं थांबत नाही, हे लक्षात आल्यावर दादांना परगावी न्या म्हणाले. दादांच्या डॉक्टरांनी प्रवास बंद केला होता. मग त्यांनी डोळे बारीक केले. "माणसं पडतात म्हणता ना खुर्च्यांवरून? अग्निशमन खात्यात तक्रार द्या. सार्वजनिक जागा, असुरक्षित हालचाल. खेळच बंद होईल."

धाकट्यांना हे पटलं, कारण ही भाषा त्यांच्या नोकरीतली होती. त्यांनी अर्ज लिहिला तो इतका मनापासून की वाचणाऱ्याला घाम फुटावा. अपघाताच्या शक्यतांचे सगळे प्रकार त्यात होते. 'मुडदा हलल्यामुळे प्रेक्षक एकाच दिशेने कोसळतात' असं एक वाक्य होतं. खिडकीवरच्या कारकुनानं तेवढंच वाचलं आणि अर्ज स्मशानभूमी विभागाकडे पाठवला. स्मशानभूमी विभागानं धाकट्यांना बोलावून मृत्यूचा दाखला मागितला.

"कुणाचा?"

"हलला त्याचा."

"तो मीच," धाकटे म्हणाले. तिथल्या माणसानं त्यांच्याकडे फार सहानुभूतीनं पाहिलं आणि पाणी देऊ केलं. ज्या कचेरीत आपल्याला जिवंत असल्याचं पटवून द्यावं लागतं, तिथून बाहेर पडताना माणसाची मान ताठ राहत नाही.

शेवटी अर्ज योग्य टेबलावर गेला आणि अग्निशमनचा अधिकारी थिएटर तपासायला गेला. आडदांड, मिशाळ, कर्तव्यकठोर माणूस. धाकट्यांना त्या दिवशी जरा हायसं वाटलं. ते टिकलं नाही. अधिकाऱ्यानं सिनेमा पाहिला, 'सरका' झाल्यावर रांगेच्या टोकाशी बसलेला तोही खाली पडला, आणि उठून त्यानं हुकूम काढला. खेळ बंद करायची गरज नाही. मात्र यापुढे प्रत्येक रांगेत भिंतीकडची एक खुर्ची रिकामी ठेवावी, म्हणजे प्रेक्षकांना सुरक्षितपणे सरकता येईल.

चाहत्यांना तर आनंदानं वेड लागायचं बाकी राहिलं. रिकाम्या खुर्चीला त्यांनी 'मुडद्याची खुर्ची' नाव दिलं, तिच्यावर घडी करून पांढरी चादर ठेवू लागले. सरकारनं मान्यता दिलेला सिनेमा म्हणून बोलबाला झाला आणि पाहुण्यांच्या खेळाला एकही जागा शिल्लक राहिली नाही. तक्रारदाराचे जाहीर आभार मानायचे ठरले होते. धाकट्यांनी कसंबसं नाव गुप्त ठेवायला लावलं.

आता एकच आशा होती, शिंपी. दादा कोटाशिवाय जाणार नाहीत, हे नक्की होतं, आणि त्या शिंप्यानं उभ्या जन्मात एक कपडा वेळेवर दिला नव्हता. धाकट्यांनी नशिबावर सोडायला हवं होतं. पण भित्र्या माणसाला नशिबालाही बजावून ठेवल्याशिवाय राहवत नाही. ते दुकानात गेले आणि म्हणाले, "कोट जरा उशिरा दिलात तर बरं होईल."

शिंप्यानं कात्री खाली ठेवली. "उशिरा? मी उशिरा देतो असं म्हणायचंय तुम्हाला?"

"तसं नाही..."

"गावभर हेच बोलतात माझ्या पाठीमागे. तुम्ही तोंडावर येऊन बोललात." त्याच्या स्वाभिमानाला इतकी ठेच लागली की त्यानं हातातली सगळी कामं बाजूला टाकली आणि दुसऱ्या दिवशी सकाळीच कोट घरपोच आणून दिला, इस्त्री करून. दादा आरशासमोर उभे राहिले, आतल्या खिशावरून हात फिरवला, आणि शिंप्याला मिठी मारली.

खेळाच्या दिवशी धाकट्यांना सकाळपासून काही गिळवेना. त्यांचा शेवटचा बेत साधा होता. खेळ संध्याकाळी सहाला होता, दादांना त्यांनी सात सांगितलं. दातांच्या डॉक्टरला सांगितलं, पाहुण्यांना आम्ही आणतो, उशीर झाला तर खेळ सुरू करा. एक तास उशिरा येतील तोवर मुडदा सरकून झालेला असेल. पुढचा भाग काळोखाचा आणि वाऱ्याचा आहे, त्याला लोक फारसे हसत नाहीत, हे त्यांनी हेरून ठेवलं होतं. दादा येतील, शेवट पाहतील, टाळ्या घेतील आणि जिवंत घरी येतील. समोरचे गृहस्थ त्यांना आपल्या गाडीतून आणणार होते.

"तूही चल ना," धाकटे बायकोला म्हणाले. हे ते सकाळपासून तिसऱ्यांदा विचारत होते.

"घरात रोज बघते तो मुडदा पुरे आहे मला. आणि अहो, श्वास घ्या जरा."

थिएटरात धाकटे मुद्दाम मधल्या वाटेच्या कडेला असलेल्या टोकाच्या खुर्चीवर बसले, दादा आले की चटकन उठता यावं म्हणून. सहा वाजले. आणि पडदा उजळायच्या ऐवजी रंगमंचावर अग्निशमनचा अधिकारी चढला. सुरक्षितपणे कसं सरकावं, याविषयी मार्गदर्शन करायला. पाय आधी की कंबर आधी, चादर कुठे धरावी, वृद्धांना कसं सांभाळावं. प्रात्यक्षिकं झाली. लोकांनी शंका विचारल्या, त्यानं एकूण एक शंकेचं निरसन केलं. धाकटे घड्याळाकडे बघत होते. आपणच लिहिलेला अर्ज समोर उभा राहून आपल्यावर बोलतोय, असं त्यांना वाटलं.

सिनेमा सुरू झाला तेव्हा सगळं गणित कोसळलं होतं. मध्यंतर झालं. दिवे गेले. पडद्यावर तिसरी खोली आली, खाट आली, खाटेवर तरुण धाकटे आले. टायपिस्ट बाईच्या पावलांचा आवाज सुरू झाला.

आणि मागचं दार उघडलं.

धाकट्यांनी वळून पाहिलं. दारातून आलेल्या उजेडात कोट दिसला. दादा एकटेच होते, समोरचे गृहस्थ बाहेर गाडी लावायला जागा शोधत असणार. दादा मधल्या वाटेनं चाचपडत खाली येत होते. प्रत्येक रांग भरलेली, त्यांची पुढची राखीव जागा त्यांना अंधारात दिसणं शक्य नव्हतं. ते नेमके धाकट्यांच्या खुर्चीपाशी येऊन थांबले, एक हात खुर्चीच्या पाठीवर टेकून, धापा टाकत, पडद्याकडे बघत.

 'दादा, चला बाहेर,' एवढं म्हणायला धाकट्यांची जीभ उचलेना. पडद्यावर बाई खाटेपाशी पोचली. थिएटर चिडीचूप झालं. धाकट्यांनी डोळे मिटून घेतले. आपण हलायचं नाही, एवढंच त्यांनी ठरवलं होतं. निदान दादांच्या देखत नाही.

"सरका!"

सगळी रांग भिंतीकडे सरकली. आणि शेजारी दादा उभे होते, गुडघे दुखत असलेले, दम लागलेले, थोरले. धाकट्यांना काही ठरवायला वेळच मिळाला नाही. अंग आपलं आपण हललं. ते सरकले आणि दादा त्यांच्या रिकाम्या झालेल्या खुर्चीवर बसले.

भोवती हशाचा डोंब उसळला होता. पुढे, मागे, बाल्कनीत. धाकट्यांनी अंधारात दादांचं मनगट पकडलं, नाडी बघायला. त्यांना ती सापडेना आणि ते घाबरून दाबतच राहिले.

"हात मोडशील," दादा म्हणाले.

"दादा, चला. बाहेर चला. हे लोक..."

"हसतायत."

"हो," धाकटे म्हणाले, आणि त्यांना रडू फुटलं. "माझ्यामुळे. मी हललो म्हणून."

"माहितीय मला. सिनेमा जोडताना पहिल्याच दिवशी दिसलं होतं."

धाकट्यांना वाटलं, आपणच आता जाणार. "मग कापलं का नाहीत?"

"कात्री उचलली होती रे." दादा पडद्याकडेच बघत होते. "मग पुन्हा सगळा सिनेमा पाहिला. सगळे नुसते नाटकी. एकच माणूस तेवढा माणसासारखा वागला होता, तो मेलेला. तुला कसा कापू?"

पडद्यावर वारा सुटला होता. लोक डोळे पुसत सावरून बसत होते.

"तुम्हाला वाईट नाही वाटत?" धाकट्यांनी विचारलं. "हे हसणं ऐकून?"

 दादा म्हणाले, "चौथ्या दिवशीचा शेवटचा खेळ मी एकट्यानं पाहिला होता. जुना कोट घालून. सगळ्या खुर्च्या रिकाम्या. तू सरकलास तेव्हा मी मागे वळून पाहिलं, निदान कुणी हसतंय का म्हणून. त्या रिकाम्या खुर्च्यांची भीती अजून बसलीय मला. आज दारातून आत यायलासुद्धा पाय उचलत नव्हता." त्यांनी मनगट सोडवून घेतलं आणि धाकट्यांच्या हातावर हात ठेवला. हात गार होता, धाकट्यांच्या हातासारखाच.

सिनेमा संपला. शेवटी मुडदा उठला तेव्हा चारदोन जण खरोखर किंचाळले, हे नोंदवायला हवं, कारण दादा ते पुढे प्रत्येकाला सांगत. डॉक्टरनं त्यांना रंगमंचावर नेलं. दिवे लागले. भाषण करायचं सोडून दादांनी कोटाच्या आतल्या मोठ्या खिशातून आपला कॅमेरा काढला, भरलेल्या थिएटराकडे रोखला, एक पाऊल मागे गेले आणि जन्मभराच्या सवयीनं म्हणाले, "हलू नका."

आता या लोकांना असं म्हणायचं असतं का? अख्खं थिएटर गरजलं, "सरका!" आणि अधिकाऱ्यासकट सगळे सरकले. फक्त धाकटे सरकले नाहीत. एकदा तरी दादांचं ऐकायचं, म्हणून त्यांनी श्वास धरला होता. शेजारचा एक दांडगा गडी त्यांच्या मांडीवर येऊन आदळला, तरी ते जागचे हलले नाहीत.

तो फोटो आता स्टुडिओच्या दर्शनी भिंतीवर आहे. त्यात शेकडो माणसं पुसट, वाहत गेल्यासारखी दिसतात, आणि मधोमध एकटे धाकटे स्वच्छ, ताठ, डोळे मिटलेले. बायकोनं तो पाहिला आणि म्हणाली, "अहो, अगदी मेल्यासारखे दिसताय."

"बघ ना," दादा चष्मा पुसत म्हणाले. "तेव्हा असा पडून राहिला असतास ना धाकट्या, तर सिनेमा कधीच मेला असता."